जिन्याच्या पायथ्याशी जाणारी आजी: स्थानिक इंग्रजी वाक्प्रचार तुम्ही कसे उलगडता?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण नाशिकला झालं, आठ महिन्यांपूर्वी इंग्लंडात लँकशायरमधल्या एका रुग्णालयात रुजू झाले. भाषेची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले होते, त्यामुळे बोलण्याची भीती नव्हती. मग एक प्रसंग घडला. तो अजून मनातून जात नाही.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झालेली. सुरुवातीचे दोन दिवस पलंगावरून खुर्चीत बसतानाही रडायच्या. चौथ्या दिवशी वॉकर धरून त्या अख्खा व्हरांडा चालल्या. मी म्हटलं, "तुम्ही किती चाललात बघा!" त्यांनी मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "वेल, आयल गो टू द फुट ऑफ अवर स्टेअर्स!"

मला वाटलं, आजींना आता घरच्या जिन्यापर्यंत जायचंय. उमेद आली म्हणून आनंद झाला. नोंदीत लिहिलं, 'रुग्णाचं उद्दिष्ट: घरातल्या जिन्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाणे.' दुसऱ्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्टनं आजींच्या मुलीला फोन करून विचारलं, जिन्याला कठडा आहे का, पायऱ्या किती. मुलगी म्हणाली, आईचं घर बैठं आहे, जिना नाहीच! झालं. आजी स्वतःचं घर विसरल्या की काय अशी सगळ्यांना शंका आली. शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, म्हणून त्यांची चाचणी घेतली. आज वार कुठला, वर्ष कुठलं, वीसपासून उलटे आकडे म्हणा. आजींनी सगळं बरोबर सांगितलं, पण चेहरा उतरला होता. "मला वेड लागलंय असं वाटतं का तुम्हाला?" असं त्यांनी विचारलं.

संध्याकाळी तिथल्याच एका जुन्या नर्सनं माझी नोंद वाचली आणि उलगडा केला. उत्तर इंग्लंडातली मागच्या पिढीची माणसं आश्चर्य वाटलं की असं म्हणतात. जिन्याचा काही संबंध नाही. आपण "अगं बाई!" म्हणतो ना, तेवढंच.

वाक्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. म्हणूनच विचारावंसं वाटलं नाही. न कळलेला शब्द निदान अडवतो, हे वाक्य सरळ आत आलं आणि चुकीच्या जागी जाऊन बसलं. तर विचारायचं असं, की तुम्ही ज्या ज्या गावात राहिलात तिथलं हे बोलणं कसं शिकलात? प्रत्येक वेळी अर्थ विचारायचा का? रुग्णाचा विश्वास उडेल अशी भीती वाटते.

टेकाड

आजींना चाचणी द्यावी लागली हे वाचून कसंसंच झालं. पण तुमचा हेतू चांगला होता, मनाला लावून घेऊ नका. वाचतोय.

सायसाखर

रानजाई, लीड्समध्ये मला चौदा वर्षं झाली. मी नर्स. तुझ्यासारखंच माझं सुरुवातीला झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या हिवाळ्यात एक आजोबा सारखे म्हणत होते, "आयम स्टार्व्ह्ड, लव्ह." मी दोनदा टोस्ट नेऊन दिला. त्यांनी दोन्ही वेळा आभार मानून बाजूला ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात धरला तेव्हा त्यांची बोटं गार पडलेली कळली. इकडच्या जुन्या बोलीत 'स्टार्व्ह्ड' म्हणजे थंडीनं काकडलेला. या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'मरणे' होता. प्रमाण इंग्रजीत तो भुकेनं मरण्याकडे सरकला, इकडं थंडीकडे. आजोबांना पांघरूण हवं होतं. भूक लागली की लँकशायरची जुनी माणसं 'क्लेम्ड' म्हणतात, तेही लक्षात ठेव.

मग 'व्हाइल'. यॉर्कशायरमध्ये 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. इथं एक गोष्ट सांगतात, की रेल्वे फाटकावर 'दिवे लुकलुकत असताना थांबा' अशी पाटी लावली, तर यॉर्कशायरच्या माणसानं ती 'दिवे लुकलुकेपर्यंत थांबा' अशी वाचली. आता विचार कर, "डोन्ट ईट व्हाइल मॉर्निंग" असं कुणी सांगितलं तर अर्थ काय लावशील?

आणि 'टी'. शेजारीणबाईंनी पाच वाजता टीला बोलावलं. आम्ही दोघं साडेतीनला जेवून, चहाबरोबर द्यायला चिवडा घेऊन गेलो. टेबलावर भाजलेली कोंबडी, बटाटे, तीन भाज्या, पुडिंग! उत्तरेकडच्या पुष्कळ घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि दुपारचं ते 'डिनर'. त्या माउलीनं दुपारपासून राबून केलेलं. आम्ही पोट फुटेस्तोवर जेवलो. रुग्णाला "डिनरनंतर गोळी घ्या" म्हणताना मी आजही वेळ सांगते, जेवणाचं नाव सांगत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: विचारायचं. पण "मला कळलं नाही" एवढ्यावर थांबायचं नाही, आपल्याला काय कळलं ते बोलून दाखवायचं. "म्हणजे तुम्हाला घरच्या जिन्यापर्यंत जायचंय का?" एवढं तू विचारलं असतंस तर आजी तिथंच हसल्या असत्या. विश्वास त्यानं वाढतो.

आजोबा१९५१

माझं मत वेगळं आहे. इंग्रजी शिकताना आम्हाला व्याकरण, शब्दसंपत्ती, उच्चार सगळं प्रमाण भाषेचं शिकवलं. जगभर ती चालते. प्रत्येक खेड्यातलं बोलणं शिकत बसायचं तर आयुष्य पुरायचं नाही. तिथल्या कमी शिकलेल्या लोकांच्या सवयी नवख्या परदेशी मुलीनं का अंगावर घ्याव्यात? इस्पितळासारख्या ठिकाणी सगळ्यांनी प्रमाण भाषाच बोलावी हे बरं.

वऱ्हाडी ठेचा

काका, खुबा मोडलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं आधी प्रमाण भाषा आठवायची आणि मग आनंद व्यक्त करायचा?

मोडीलिपी

आजोबा, 'कमी शिकलेल्या लोकांच्या सवयी' यावर एक खरी गोष्ट सांगतो.

ब्रॅडफर्डजवळ 1855 साली जोसेफ राइट नावाचा मुलगा जन्मला. घरची गरिबी. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकायला लागला, मग सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेल्या बॉबिन काढायच्या कामावर. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू होतं, गिरणीतले सोबती वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. आपल्याला स्वतःला वाचता यावं म्हणून तो शिकला. पुढे जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन भाषाशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे आसन आधी कुणाचं होतं? ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांचं! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन हे राइट यांचे विद्यार्थी.

तर या गिरणीतल्या पोरानं इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश केला. 1898 ते 1905 या काळात तो छापून आला. आपल्या आईच्या तोंडची भाषा म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी 1950 ते 1961 दरम्यान इंग्लंडमधल्या 313 ठिकाणी माणसं पाठवून तेराशेहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. मुद्दाम गावातली वयस्क, शेतीवाडीतली माणसं निवडली, कारण ती बोली त्यांच्याच तोंडी उरली होती.

रानजाई, राइट यांचा कोश ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठानं संगणकावर आणलाय. शब्द टाकला की कुठल्या काउंटीत काय अर्थ ते दिसतं. एकेका शब्दासाठी उत्तम. अख्ख्या वाक्याचा अर्थ मात्र माणसालाच विचारावा लागतो, यात सायसाखर म्हणतात ते खरं.

आजोबा१९५१

मोडीलिपी, राइट यांच्याबद्दल माहिती नव्हती. 'कमी शिकलेले' हे शब्द मागे घेतो.

तरीही माझा अर्धा मुद्दा उरतोच. परदेशातून माणसं बोलावून कामाला लावायची, तर स्थानिक बोलण्याची ओळख करून देणं हे त्या संस्थेचं काम नाही का? या मुलीला पहिल्या आठवड्यात चार तास कुणी बसवून सांगितलं असतं, तर त्या आजींनाही त्रास झाला नसता. सगळा भार नवख्या माणसावर टाकू नये.

सायसाखर

आजोबा, हे शंभर टक्के पटलं. आमच्या वॉर्डात आम्ही जुन्या नर्सनी मिळून स्वतःच एक वही केलीय. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हातात देतो.

वऱ्हाडी ठेचा

मी अकोल्याचा. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी "मी जेवून राहिलो" (म्हणजे 'जेवतोय') म्हटलं आणि अख्खी मेस हसली. "जेवून कुठं राहिलास?" असं वर्षभर चाललं. मी बोलणंच कमी केलं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प बसायचो, कारण वाक्याचा शेवट कसा होईल याची धास्ती.

आता मी अमेरिकेत, पिट्सबर्गला आहे. इथं शेजारी म्हणतो, "द कार नीड्स वॉश्ड." मधलं 'टू बी' गायब. कचरा आवरणं म्हणजे 'रेड अप', दुसऱ्याच्या घरात डोकावणारा तो 'नेबी', आणि तुम्ही सगळे म्हणजे 'यिन्झ'. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरकडून आलेल्या लोकांनी यातलं बरंच सोबत आणलं. पहिल्यांदा 'नीड्स वॉश्ड' ऐकलं तेव्हा मला हसू नाही आलं, एकदम आपलं वाटलं. म्हटलं, हा तर इथला अकोल्याचाच माणूस.

रानजाई

वऱ्हाडी ठेचा, मेसचं वाचून वाईट वाटलं. आमच्या नाशिकच्या कॉलेजात अहिराणी बोलणाऱ्या मैत्रिणीचंही असंच व्हायचं, आणि मीही त्या हसण्यात असायचे. तिला आज फोन करणार आहे.

सायसाखर ताई, त्या वहीतली आणखी पानं टाकाल?

निळावंती

ग्लासगोहून लिहितेय. इथं तर इंग्रजीच्या शेजारी स्कॉट्स ही स्वतंत्र भाषाच आहे, दोन्हींची सरमिसळ होते.

इथला 'डाउट' आपल्या 'शंके'सारखा आहे. "आय डाउट इट्ल रेन" म्हणजे पाऊस येणार नाही असं नव्हे, येणार असंच वाटतंय! आपण नाही का म्हणत, "मला शंका आहे, यानंच पैसे घेतलेत." इंग्लंडमध्ये शिकलेला माझा सहकारी इथं छत्री न घेता निघायचा, मी मराठीच्या जोरावर बरोबर घेऊन निघायचे. तसंच "व्हेअर डू यू स्टे?" हॉटेल विचारत नाहीत, घर कुठंय ते विचारतात. आपणही अगदी हेच म्हणतो आणि शाळेत बाई 'लिव्ह म्हणा' म्हणून दुरुस्त करायच्या.

'मेसेजेस' आणायला जाणं म्हणजे वाणसामान आणायला जाणं. 'बॅक ऑफ सिक्स' म्हणजे सहा वाजून गेल्यावर लगेच. मी सहाच्या आधी जाऊन थंडीत दाराबाहेर उभी राहिले होते.

आणि एक वाक्य मी कधीच विसरणार नाही. आमच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले तेव्हा सहकारी हळूच म्हणाला, "अवर जॅकेट्स आर ऑन अ शूगली पेग." शूगली म्हणजे डगमगणारी. आपला कोट हलत्या खुंटीवर टांगलाय, नोकरी कधीही जाईल. महिन्याभरात माझी खुंटी निघालीच. त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई सूप घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "व्हिट्स फर ये'ल नो गो बाय ये." जे तुझ्यासाठी आहे ते तुला ओलांडून पुढं जाणार नाही. आईनं फोनवर तासाभरापूर्वी हेच सांगितलं होतं, "तुझ्या वाट्याचं कुठं जात नाही गं." दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटल्या तरी एकमेकींचं बोलणं कळणार नाही.

टेकाड

निळावंती, पुढे नोकरी मिळाली ना?

निळावंती

हो, चार महिन्यांनी. आधीच्यापेक्षा बरी आहे. खालच्या बाईंना पुरणपोळी नेऊन दिली.

गिरणीचा भोंगा

लँकशायर वाचलं आणि राहवलं नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. लँकशायरच्या आणि मुंबईच्या कापडगिरण्यांत माग सारखे, गोंगाटही सारखाच. लँकशायरच्या विणकरणी त्या आवाजात ओठ मोठाले हलवून, हातवारे करून बोलायच्या, त्याला 'मी-मॉइंग' म्हणतात. गिरणी सुटल्यावर घरीही ती सवय राहायची. आमचे आजोबा घरात दोन फुटांवरच्या माणसाशीही ओरडून बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचे, ते यामुळेच. रानजाई, तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या नव्वदीच्या आजी तोंडाचे मोठे हावभाव करून बोलत असतील, तर त्यांना गिरणीबद्दल विचारून बघा.

दुसरा एक शब्दप्रयोग तिथला, 'किसिंग द शटल'. ऐकायला गोड, प्रत्यक्षात वाईट. धोटा रिकामा झाला की नव्या बॉबिनचा धागा त्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावा लागायचा. एकच धोटा अनेकांच्या तोंडी. त्यातून रोग पसरायचे, कापसाची धूळ आत जायची. आणि इकडे मुंबईत हाच प्रकार वेगळंच रूप घेऊन उभा होता. धागा तोंडात धरावा लागतो, म्हणून विटाळ होईल असं सांगून दलित कामगारांना विणखात्यात घेतच नसत. त्या खात्यात पगार बरा होता. 1928 च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसाला लावला, विणखातं सर्वांना खुलं करण्याची मागणी केली. लँकशायरमध्ये ज्याला 'चुंबन' म्हणत, त्याच कृतीवरून आपल्याकडे माणसाला दाराबाहेर ठेवत होते. 'किसिंग'चा अर्थ कोशात शोधून यातलं काही हाती लागत नाही.

मोडीलिपी

भोंगा, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. 'मी-मॉइंग' मला ठाऊक नव्हतं.

सायसाखर

रानजाई, वहीतली पानं. सगळी देत नाही, कामाची देते.

'नाउट' काही नाही, 'आउट' काहीतरी, 'समॅट' म्हणजेही काहीतरी. रुग्ण "आयव्ह हॅड नाउट" म्हणाला तर त्यानं काही खाल्लेलं नाही. 'बॅडली' म्हणजे आजारी. 'मार्डी' म्हणजे फुरंगटलेला, किरकिरा. 'नेश' म्हणजे ज्याला थंडी जराही सोसत नाही असा, हा मिडलँड्समध्ये जास्त. 'लेकिंग' म्हणजे खेळणं, हा नॉर्स लोकांकडून आलेला शब्द. हजार वर्षांपूर्वी या भागावर डेन लोकांचं राज्य होतं. 'वॉटरवर्क्स'चा त्रास म्हणजे लघवीचा त्रास, नळदुरुस्ती नव्हे. 'पुट वुड इन थोल', भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लावून घे. आणि ऊन कडक पडलं की लँकशायरवाले म्हणतात, 'इट्स क्रॅकिंग द फ्लॅग्ज', फरशा तडकताहेत.

कोकणकडा

'फरशा तडकताहेत' = 'ऊन मी म्हणतंय'. चपखल.

टेकाड

मी बर्मिंगहॅमला दोन वर्षं होतो. लांबचा वळसा घेतला की तिथं 'ऑल राउंड द रेकिन' म्हणतात. रेकिन हा श्रॉपशायरमधला 407 मीटरचा डोंगर. आपला द्राविडी प्राणायाम! ढग दाटून आले की 'इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स', बिलच्या आईकडे काळं झालंय. हा बिल कोण यावर तिथं ऑफिसात प्रत्येकाचं वेगळं ठाम मत. 'नायदर यूज नॉर ऑर्नमेंट' ला मात्र मराठी सुचत नाही. 'ना घरका ना घाटका' म्हणावं का?

कोकणकडा

नाही, ते वेगळं. त्यात दोन्हीकडून हाकललेला माणूस आहे. इथं उपयोग नाही आणि शोभाही नाही. 'खायला काळ आणि भुईला भार' जवळचं वाटतं, पण ते जास्त कडू आहे. असं एकास एक बसवायचा आग्रह नकोच.

मी अटलांटाला. दक्षिणेतलं 'ब्लेस युअर हार्ट' सांभाळून. ऐकायला आशीर्वाद, पण ते म्हणजे 'बिचाऱ्याला अक्कल नाही' असं गोड शब्दांत सांगणं. कुणी म्हटलं तर समजून घ्या, तुमची चूक झालीय.

पायवाट

कोकणकडा, हे इंटरनेटवर फार पसरलंय, पण अर्धंच खरं आहे. मी अलाबामात अकरा वर्षं काढली. माझा मुलगा आजारी असताना चर्चमधल्या बायका आळीपाळीनं जेवण घेऊन यायच्या आणि "ब्लेस युअर हार्ट, हनी" म्हणायच्या. त्यात टोमणा कुठून येणार? डोळे भरलेले असायचे त्यांचे. तोच शब्द टोमणा म्हणूनही वापरतात, हे कबूल. सूर, प्रसंग, माणूस बघावं लागतं. आपलं 'शहाणा आहेस' घ्या. आजी लाडानं म्हणते तेव्हा एक, बायको म्हणते तेव्हा दुसरं.

कोकणकडा

मान्य. मला ते ऑफिसातच ऐकायला मिळालं, म्हणून एकच बाजू दिसली.

मोडीलिपी

अमेरिकेचा विषय निघालाय तर एक सांगतोच. ओहायो राज्यात ॲक्रन शहराच्या भागात रस्ता आणि पदपथ यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला 'डेव्हिल स्ट्रिप' म्हणतात. बाकी देशात हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नाही. एका अपहरणात खंडणीची चिठ्ठी आली: पैसे डेव्हिल स्ट्रिपवरच्या हिरव्या कचरापेटीत ठेवा. चिठ्ठीत साध्या शब्दांची स्पेलिंगं चुकलेली, अवघड शब्दांची बरोबर. भाषाशास्त्रज्ञ रॉजर शाय यांनी ती वाचून पोलिसांना विचारलं, तुमच्या संशयितांत ॲक्रनचा, चांगला शिकलेला कुणी आहे का? होता. चुका मुद्दाम केल्या होत्या, पण 'डेव्हिल स्ट्रिप' आपल्याच गावात चालतो हे त्याला ठाऊक नव्हतं. अशा शब्दांसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांच्या देखरेखीखाली 1965 ते 1970 या काळात हजारावर गावांत माणसं फिरली, आणि 1985 पासून प्रादेशिक अमेरिकन इंग्रजीचा कोश खंडाखंडानं निघाला.

आपल्याकडे डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं असं सर्वेक्षण केलंय, ध्वनिमुद्रणासकट. वऱ्हाडी ठेचा, जरूर ऐका.

वऱ्हाडी ठेचा

ऐकतो. आणि रानजाई ताई, मैत्रिणीला फोन केला का?

शेवंता

मेलबर्नहून. इथं निमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असलं तर ताटलीत काहीतरी खायचं करून न्यायचं असतं. आम्ही चार रिकाम्या प्लेटा घेऊन गेलो होतो, वाटलं यांच्याकडे भांडी कमी असतील. यजमानीण बाईंनी एक शब्द न बोलता त्या घेतल्या, धुऊन त्यांतच सगळ्यांना केक वाढला. आजही आमची मैत्री आहे.

सायसाखर

किती समजूतदार बाई!

एक सावधगिरी सांगते. समजून घ्या सगळं, पण आपण स्वतः हे शब्द लगेच वापरायला जाऊ नका. परक्या तोंडी ते नक्कल केल्यासारखं वाटतं.

निळावंती

सायसाखर, इथं मी असहमत. मी 'शूगली' आणि 'ड्रीक' (आठवडाभर गळणारं करडं हवामान) रोज वापरते. पहिल्यांदा 'ड्रीक' म्हटलं तेव्हा बसचा चालक इतका खूश झाला की उतरेपर्यंत बोलत होता. उच्चाराची नक्कल करू नये, हे बरोबर. पण शब्द घ्यायला काय हरकत? कोल्हापुरात राहायला गेलेल्या तमिळ माणसानं 'लई भारी' म्हटलं तर कोल्हापूरकर रागावेल का?

गिरणीचा भोंगा

रागावणं सोडा, तांबडा-पांढरा खाऊ घालेल.

पायवाट

आयर्लंडमध्ये बहीण असते, तिचं सांगते. तिथं 'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणं, बोलणी देणं. भाचा शाळेतून येऊन म्हणाला, "टीचर वॉज गिव्हिंग आउट टु मी", तर बहिणीनं विचारलं, काय दिलं? हे मूळ आयरिश भाषेतल्या वाक्प्रचाराचं जसंच्या तसं इंग्रजी आहे. "आयम आफ्टर ईटिंग" हेही तसंच, म्हणजे 'नुकताच जेवलो'. लोकांनी भाषा बदलली, पण वाक्याचा सांगाडा जुन्या भाषेचाच राहिला. आपण 'डोकं खाऊ नकोस'चं 'डोन्ट ईट माय हेड' करतो, तशातलंच.

आजोबा१९५१

हा धागा तीन दिवस वाचतोय. रानजाई, त्या आजींचं पुढे काय झालं?

रानजाई

आजोबा, तेच लिहायला आलेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

परवा आजींकडे गेले. सायसाखर ताईंनी सांगितलं होतं तसं स्पष्ट बोलले. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही जिन्याबद्दल बोललात ते मी शब्दशः घेतलं. चाचणी माझ्यामुळे झाली. मला माफ करा." आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की टाके दुखायला लागले. त्यांची आई असं म्हणायची, म्हणाल्या. मग भोंगा यांनी लिहिलेलं आठवून गिरणीबद्दल विचारलं. त्या पंधराव्या वर्षापासून विणकाम करायच्या! 'मी-मॉइंग' करून दाखवलं. समोरच्या पलंगावरच्या बाईही गिरणीतल्याच निघाल्या. दोघी आवाज न काढता व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारायला लागल्या आणि आम्ही सगळे बघत उभे. आठवडाभर एकमेकींसमोर असून त्यांनाही हे माहीत नव्हतं.

नोंदीतलं ते उद्दिष्ट मी खोडून दुरुस्त केलं, खाली अर्थ लिहिला. आमच्या प्रमुखांना आजोबांचा मुद्दा सांगितला. नव्या लोकांसाठी अशी वही करायला त्या तयार आहेत, आणि शब्द सांगायचं काम या दोन आजींनी अंगावर घेतलंय.

आजींनी मला विचारलं, तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात? मी 'अगं बाई' शिकवलं. काल त्या वॉकर सोडून काठीवर चालल्या. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर वळून, 'ग' नीट जमत नसताना, मोठ्यांदा म्हणाल्या, "अग्गा बाय!"

वऱ्हाडी ठेचा, मैत्रिणीला फोन झाला. तासभर बोललो, ती पूर्ण वेळ अहिराणीत.

टेकाड

अगं बाई!

शेवंता

रानजाई, ती वही तयार झाली की इथं नक्की टाक.

नवीन सभासद: चांदणवेल

नमस्कार, धागा उशिरा सापडला. पुढच्या महिन्यात बेलफास्टला जातेय. तिथली होणारी सहकारी फोनवर मला "कॅच युअरसेल्फ ऑन" म्हणाली. मी काही पाडलं का?

निळावंती

नाही. 'भानावर ये, काहीतरीच काय बोलतेस' असा अर्थ. तू आधी काय म्हणाली होतीस?

चांदणवेल

की मी पहिले काही दिवस हॉटेलात राहीन, तुला त्रास नको.

निळावंती

मग सामान थेट तिच्याच घरी ने.